निळ्या टोकाची वायर

टणकन आवाज झाला आणि मला जाग आली. जेवणाच्या डब्याचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत होतं. एवढासा आवाज, पण दुपारच्या त्या खोलीत दुसरं काही वाजतच नव्हतं, त्यामुळे ते झाकण थांबेपर्यंत मी श्वास धरून ऐकत राहिले.

डोळे नीट उघडले तर निरंजन, माझा नवरा, पलंगावर चढायच्या सुट्या पायरीवर उभा होता. भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे त्याचा एक हात कोपरापर्यंत गेलेला. गुडघ्याचा धक्का लागून खालच्या टेबलावरचं झाकण पडलं होतं.

"काय झालं रे?"

"काही नाही. वायर सैल झाली होती. झोप तू."

त्यानं झाकण उचललं, शर्टाला पुसलं आणि डब्यावर ठेवलं. उलटं ठेवलं.

"आपला बरा आहे ना?"

"दिसतोय की टीव्हीत," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

टीव्हीत खरंच दिसत होता. काचेच्या दोन पेट्या शेजारी शेजारी. उजवीकडच्या पेटीत आमचा मुलगा, हाताच्या ओंजळीत मावेल एवढा, डोक्यावर हिरवी टोपी. डावीकडच्या पेटीत महानंदाची मुलगी. मागच्या भिंतीवर खिडकीतून आलेल्या उन्हाची एक तिरकी पट्टी. दोघंही शांत झोपलेली.

शेजारच्या पलंगावर महानंदाही झोपली होती, तोंड टीव्हीकडे करून.

हे मिरजेतलं. तिथे गल्लोगल्ली दवाखाने आहेत, त्यांपैकीच एक. आम्ही दोघींनी दिवस भरायच्या आत बाळंत होऊन एकमेकींशी ओळख करून घेतली होती. माझं सिझर झालेलं. महानंदा जत तालुक्यातल्या एका वाडीची. तिला बाळंतपणात झटके आले होते आणि रक्तदाब अजून खाली उतरत नव्हता, म्हणून तिला पलंगावरून हलायची बंदी. तिचा नवरा बोअरवेलच्या गाडीवर तमिळनाडूत. सासू बाळंतपण उरकून शेरडांसाठी गावी गेलेली. माझ्यापाशी माझी आई होती, आणि माझी आई दोघींचं करत होती.

बाळं भिंतीपलीकडच्या खोलीत. आम्हाला सकाळी एकदा, खुर्चीत बसवून, काचेतून दाखवून आणायचे. बाकी दिवसभर आम्ही भिंतीकडे बघत बसायचो. दुसऱ्या दिवशी मी निरंजनला म्हटलं, "त्या खोलीत कॅमेरा आहे. इथे टीव्ही आहे. आपण काय विकतो मग?"

आमचं सांगलीत कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान. लग्नाआधी निरंजन एकटा बघायचा, लग्नानंतर काउंटर माझं झालं. दिवसभर लोक मोबाइलमध्ये मागच्या भोकाचा फोटो काढून आणायचे, "मॅडम, ह्याच्यात जाईल अशी द्या." मॉनिटरला एक भोक, लॅपटॉपला दुसरं, टीव्हीला तिसरंच. रुंद, निळ्या टोकाची, दोन बाजूंना दोन स्क्रू असलेली व्हीजीए. पांढऱ्या टोकाची, टाचण्यांनी भरलेली डीव्हीआय. चपटी एचडीएमआय. आणि तिच्यासारखीच दिसणारी, पण एकच कोपरा कापलेली डिस्प्लेपोर्ट. ती दिली की गिऱ्हाईक संध्याकाळी परत यायचंच, "जातच नाही हो, हातोडी मारली तरी." चित्र सगळ्यांना एकच दाखवायचं असतं, पण प्रत्येक कंपनीनं आपापलं दार वेगळं करून ठेवलेलं.

दवाखान्यातही तेच निघालं. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर जुना, त्याला फक्त व्हीजीए. टीव्ही नवा, त्याला फक्त एचडीएमआय. ग्रेसी सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून परवानगी मिळवली आणि निरंजननं भिंतीतून निळ्या टोकाची लांब वायर ओढून आणली. टीव्हीमागे एक छोटा डबा लटकवला. निळी वायर डब्यात, डब्यातून एचडीएमआय टीव्हीत.

"म्हंजे दोघांची सोयरीक जमंना, म्हणून मधी मध्यस्थ घातला," महानंदा म्हणाली.

"अगदी तसंच."

"मग अक्का, मध्यस्थ म्हणल्यावर थोडं खोटं बोलणारच."

आम्ही हसलो. मला टाके ओढले गेले म्हणून मी पोटाला उशी धरून हसले. आई म्हणाली, "हसवू नकोस गं तिला." तेवढ्यात टीव्हीवर आमची पोरं आली आणि सगळ्या गप्प झालो.

कडा थोड्या कापल्या गेल्या होत्या. कोपऱ्यातलं घड्याळ, तारीख, काही दिसत नव्हतं. टीव्हीला तशी खोड असते, बाजूचं थोडं चित्र तो आपल्या चौकटीत गिळतो. निरंजन रिमोट घेऊन खटपट करणार होता. मी म्हटलं, "राहू दे. घड्याळ कशाला बघायचंय? पोरं दिसली की झालं."

त्यानंतर महानंदाला बोलायला साथ मिळाली. दिवसभर ती टीव्हीशी बोलायची. "ए शाने, पाय आत घे. सिस्टर, ओ सिस्टर, टोपी सरकली बघा तिची!" सिस्टर भिंतीपलीकडे, त्यांना काय ऐकू जाणार? पण थोड्या वेळानं चित्रात ग्रेसी सिस्टरांचा हात यायचा, टोपी नीट करायचा, आणि महानंदा माझ्याकडे असं बघायची की जणू तिच्या सांगण्यानंच झालं. माझ्या मुलालाही ती सोडायची नाही. "तुमचा लई वळवळ्या हाय अक्का. वकील हुतोय."

त्या दुपारी मात्र झाकणाच्या आवाजानंतर मला झोप लागली नाही. मी टीव्ही बघत पडून राहिले. महानंदा उठली. आईनं तिला पाणी दिलं.

"झोपलीत व्हय अजून?" तिनं विचारलं.

"झोपलीत."

"बरं हाय. झोपंतच वजन वाढतं म्हणं."

आई चहा आणायला खाली गेली, परत आली. मामींचा फोन आला, बाळाला बघायला कधी येऊ म्हणून. मी बोलले. बोलता बोलता टीव्हीकडे बघत होते. महानंदा वाटी घेऊन पाठमोरी बसली आणि दूध पिळायला लागली. सिस्टर ते नळीनं बाळाला द्यायच्या. पहिल्या दिवशी चमचाभरसुद्धा आलं नव्हतं, तेव्हा ती रडली होती.

"आज लई येतंय मावशी," ती आईला म्हणाली. "तिला कळलं वाटतं, मी तिच्याकडंच बघतीया म्हणून."

आईनं खोलीतला दिवा लावला. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. कुठल्या तरी घरातून आरतीची घंटा ऐकू येत होती.

टीव्हीत भिंतीवर उन्हाची पट्टी होती.

मी ती बघितली, आणि मला लगेच काही कळलं नाही. पट्टी छान पिवळी होती. तिरकी, पेटीच्या कोपऱ्याला टेकलेली. दुपारी होती तिथेच. मी खिडकीकडे बघितलं. काचेत आमचा दिवा दिसत होता, बाहेर काहीच नाही. पुन्हा टीव्हीकडे बघितलं. ऊन.

मग मला टीव्हीमागचा डबा आठवला.

पूर्वी आम्ही ठेवायचो ते डबे वायर जरा हलली की टीव्हीवर निळा पडदा आणायचे, "नो सिग्नल". मंगल कार्यालयवाले, क्लासवाले तक्रारी घेऊन यायचे. मग हा नवा डबा आला. वायर निघाली तरी पडदा निळा पडत नाही, शेवटचं चित्र हा धरून ठेवतो. मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगायचे, "लोकांना कळणारसुद्धा नाही, साहेब."

मी मुलाकडे बघत राहिले. छाती वर येते का, खाली जाते का. पायाचा अंगठा. काहीतरी. वळवळ्या म्हणायची ती त्याला. झाकण पडलं तेव्हापासून त्यानं कूससुद्धा बदलली नव्हती.

निरंजनला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. खोलीबाहेर, अगदी दारापलीकडे, त्याची रिंग वाजली आणि बंद झाली.

"आई, मला बाथरूमला जायचंय."

"चल, धरते."

"नको. माझी मी जाते."

पोटाला हात लावून भिंतीच्या आधारानं मी दारापर्यंत गेले. तो तिथेच होता, हात धुवायच्या बेसिनपाशी, पाठ करून. नळ चालू नव्हता.

"निरंजन. वायर कुणी काढली?"

तो वळला नाही.

"आपल्या पेटीत..."

"आहे," तो घाईनं म्हणाला. "आपला आहे कल्याणी, आहे. आत्ता बघून आलो. दूध पचवलं त्यानं. पाय मारत होता."

मी बेसिनची कड धरली. त्यानं मला धरलं, आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून दोन-तीनदा नुसती "आहे, आहे" म्हणाले. मग मागून, उघड्या दारातून, महानंदाचा आवाज आला. ती आईला विचारत होती, तिळाचा लाडू आता चालतो का, का महिनाभर थांबू.

मी डोकं उचललं. निरंजनचा चेहरा अजून तसाच होता.

"कधी?"

"तुम्ही झोपला होता तेव्हा. एकदम झालं. डॉक्टर धावले, सगळं केलं." तो कुजबुजत होता. "ग्रेसी सिस्टर मला म्हणाल्या, पेटी रिकामी करायच्या आत काहीतरी करून टीव्ही बंद पाडा, तिला दिसेल. मी म्हटलं, बंद पडला तर दोघी ओरडतील. त्यापेक्षा चित्र तसंच राहू दे."

"आणि किती वेळ राहू दे?"

"तिचा भाऊ निघालाय जतहून. तो येऊन बाळाला घेऊन जाईल. मग हळूहळू सांगायचं. बीपी वर आहे तिचं, पुन्हा झटका आला तर ती पण जाईल. डॉक्टर स्वतः म्हणाले."

"घेऊन जाईल म्हणजे? तिला दाखवणार नाहीत?"

"सासूनं फोनवर सांगितलंय, दाखवू नका म्हणून. तोंड बघितलं की डोळ्यांपुढून जात नाही, पुढच्या खेपेला त्रास होतो. त्यांच्यात तसंच करतात म्हणे." तो थांबला. "आपल्यातही करतात. माझ्या काकूला नव्हती दाखवली."

"काकू अजून विचारतात, निरंजन. दर दिवाळीला विचारतात, गोरी होती का सावळी."



मी परत आत आले. पलंगावर बसले. महानंदानं माझ्याकडे बघितलं.

"अक्का, तोंड का असं झालंय? टाकं दुखत्यात?"

"थोडे."

"माझं ऐका, उशी घट्ट धरा." मग टीव्हीकडे हनुवटी करून ती म्हणाली, "आज एकदा बी रडली न्हाई बघा माझी. दुपारधरनं बघतीया. शानी झाली. तुमचा वकील बी गप हाय आज. दोघांचं काय ठरलंय का काय?"

आई हसली. आईला अजून काही माहीत नव्हतं.

"पर अक्का, त्या मधल्या डब्याला सांगा की, एकदा तरी हलवून दाखव म्हणावं. नुसतं फोटूवानी वाटतंय."

"झोपलीय ती," मी म्हटलं.

"झोपू दे मग." तिनं वाटी आईपुढे धरली, दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून. "मावशी, एवढं सिस्टरला देऊन येता? कोमट हाय तवरच."

आई वाटी घेऊन बाहेर गेली. दारापाशी निरंजननं तिला थांबवलं. मला इथून दिसत होतं. तो तिच्या कानाशी काही बोलला. आई हलली नाही. वाटी हातात धरून तशीच उभी राहिली, पुढेही गेली नाही आणि मागेही आली नाही.

खालून गाडी थांबल्याचा आवाज आला. निरंजननं दाराबाहेरच्या खिडकीतून वाकून बघितलं. महानंदाच्या भावाची नसावी, कारण त्यानं मान हलवली. पण येणार होती. आत्ता नाही तर थोड्या वेळानं.

मी उठले. पलंगाची पायरी पायानं ढकलत टीव्हीखाली नेली. लोखंडी पायरी फरशीवर खरखरत गेली.

"कल्याणी!" आई दारातून ओरडली. "टाके आहेत तुझे! काय करतेस?"

"वायर सैल झालीय."

निरंजन आत आला. मला वाटलं तो मला धरून खाली उतरवेल. तो दोन पावलांवर येऊन थांबला. मी पायरीवर चढले, डाव्या हातानं पोट धरलं आणि उजवा हात टीव्हीमागे घातला. डबा गरम होता. वायर खाली लोंबत होती. टोक हाताला लागलं, रुंद, दोन स्क्रूंचं. न बघता ते टोक जागेवर बसवायचं काम मी दुकानात रोज करायचे. तरी पहिल्यांदा उलटंच लागलं. मी फिरवलं आणि दाबलं. स्क्रू पिळले नाहीत.

मागे महानंदा म्हणाली, "आलं."

मी खाली उतरून बघितलं. चित्र आधी गुलाबी झालं, थरथरलं, मग ठरलं. भिंतीवर ऊन नव्हतं, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता. उजव्या पेटीत माझा मुलगा हवेत पाय मारत होता. टोपी अर्धी निघालेली. डाव्या पेटीचं झाकण उघडं होतं. आत चादर घडी घालून ठेवलेली.

महानंदा बघत राहिली.

"आंघोळीला न्हेली व्हय सिस्टरनं?" तिनं विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग निरंजनकडे, मग दारातल्या माझ्या आईच्या हातातल्या वाटीकडे. वाटीकडे ती सगळ्यात जास्त वेळ बघत होती.

ग्रेसी सिस्टर आल्या. त्यांनी टीव्हीकडे एक नजर टाकली आणि त्यांचे ओठ घट्ट मिटले. माझ्याकडे त्यांनी जे बघितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"महानंदा, आडवी हो आधी. मी सांगते तुला."

"सांगू नका. आणा तिला."

"अगं, तुझं बीपी..."

"बीपी माझं हाय. पोरगी बी माझी हाय." आवाज चढलेला नव्हता. "आणा सिस्टर."

सिस्टरांनी बाहेरच्या बाईंना डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, सुईचा ट्रे मागवला, आणि स्वतः गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी होतं.

महानंदानं ते मांडीवर घेतलं. मान धरायला हात पुढे केला, पहिल्यांदाच धरत होती तरी बरोबर धरला. कापड सोडून तिनं सगळं बघितलं. बोटं बघितली. कान मागे करून बघितला.

"पाय बापाचं हायेत," ती म्हणाली. "बघा मावशी. अंगठ्यापरास शेजारचं बोट लांब."

आई तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, काजळ हाय?"

आईच्या पिशवीत होतं. माझ्या मुलासाठी घरी पाडून आणलेलं. आईनं डबी उघडून धरली. महानंदानं करंगळी बुडवली आणि मुलीच्या गालाला तीट लावली. मग दुसऱ्या गालाला लावली. मग कापडाच्या कडेनं एक तीट पुसली, जास्त मोठी झाली म्हणून, आणि पुन्हा नीट, बारीक लावली.

निरंजन भिंतीपाशी गेला आणि त्यानं टीव्हीचं बटण बंद केलं.

तिचा भाऊ आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. धोतर नेसलेला, तरुणच माणूस. तो दारात चपला काढून उभा राहिला. तिनं त्याला थांबवलं नाही, रडलीही नाही. नुसतं म्हणाली, "डोकं धरून न्हे. रस्ता लई उडीवतोय." त्यानंतर तिचा रक्तदाब चढला. ग्रेसी सिस्टर तिच्या उशाशी बसून राहिल्या, आणि मध्येमध्ये माझ्याकडे बघत होत्या. मी पांघरूण डोक्यावरून घेऊन ऐकत होते. तिचा श्वास चालू आहे ना, एवढंच.

ती वाचली. तिची सासू येऊन तिला घेऊन गेली. सासू माझ्याशी बोलली नाही. जाताना महानंदा माझ्या पलंगापाशी थांबली. पदर डोक्यावरून घेतलेला.

"अक्का, तुमचा घरी न्हेताना त्या खोलीम्होरनं नका न्हेऊ. मागल्या जिन्यानं न्या."

"बरं," मी म्हटलं.

"आणि टोपी घाला. निघती त्याची सारखी."

आम्ही त्याला मागच्या जिन्यानं नेलं. पुढे एकदा निरंजन जतला वसुलीला गेला होता, तेव्हा त्यानं बोअरवेलवाल्यांकडे चौकशी केली. त्या वाडीतली बरीच माणसं कामासाठी कर्नाटकात पांगली होती. कुणाला नीट सांगता आलं नाही.

आमच्या मुलाला, ओजसला, त्याच्या जन्माची गोष्ट आवडते. दर वाढदिवसाला आंघोळ घालताना सांगावी लागते. तू ओंजळीएवढा होतास, तुला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि आई तुला टीव्हीवर बघायची. "मी टीव्हीत होतो" असं तो शाळेत सगळ्यांना सांगून आलाय. कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून चिडतो.

परवा डोक्यावर पाणी घेता घेता त्यानं विचारलं, "तिथे मी एकटाच होतो?"

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. "नाही," मी म्हटलं. "तुझ्या शेजारच्या पेटीत एक मुलगी होती."

"माझ्याएवढीच?"

"तुझ्याहून एक दिवसानं मोठी."

त्याला ते फार आवडलं. त्यानं डोळ्यांवरचं पाणी दोन्ही हातांनी निपटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मग ती आता कितवीत आहे?"